काळे पाणी, पण कोणते?

'काळे पाणी' म्हटले की मराठी माणसाला आधी अंदमान आठवते. आम्हा डॉक्टरांना आठवतो एक जुना, भयंकर आजार. फाल्सिपेरम मलेरियात तांबड्या पेशी एकदम मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यांतले हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडते आणि लघवी कोळशासारखी काळसर होते. त्याला 'ब्लॅकवॉटर फीवर' म्हणत. आता तो क्वचितच दिसतो. सांडपाण्याचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांच्या भाषेत मात्र 'ब्लॅक वॉटर' म्हणजे संडासातून येणारे पाणी. थोडक्यात, कोणत्याही अर्थाने घ्या, काळे पाणी म्हणजे काहीतरी वाईट, अशी आपली खूणगाठ पक्की आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, नळाले पानी चायसारखं येऊन राहिलं जी, चालते का प्यायले?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. पाण्याला रंग कशाने आला, यावर सगळे अवलंबून असते. जगात एक प्रचंड नदी अशी आहे की तिचे पाणी बारा महिने कोऱ्या चहासारखे असते, आणि तरीही पृथ्वीवरच्या सर्वांत स्वच्छ नद्यांत तिची गणना होते. तिची गोष्ट समजली की आपल्या कन्हानचे आणि नाग नदीचे दुखणेही नीट कळते. म्हणून आधी थोडे लांब, थेट दक्षिण अमेरिकेत जाऊ.

कोऱ्या चहाची नदी

रिओ नेग्रो या पोर्तुगीज नावाचा अर्थच 'काळी नदी'. कोलंबियात उगम पावून, ब्राझीलच्या घनदाट अरण्यातून वाहत ती मनाउस शहराजवळ ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहाला मिळते. काळ्या पाण्याची ही जगातली सर्वांत मोठी नदी. तिचे पाणी ओंजळीत घेतले तर फिकट पिवळसर दिसते, काचेच्या पेल्यात कोऱ्या चहासारखे तांबूस, आणि खोल पात्रात पाहिले तर काळेभोर. त्यात गाळ जवळजवळ नसतो. चहा गाळून घेतला तरी त्याचा रंग जात नाही, कारण रंग पाण्यात विरघळलेला असतो. इथेही तसेच आहे.

हा चहा बनतो कसा? पात्रालगतच्या मोठ्या प्रदेशात जमीन पांढऱ्या, धुतल्यासारख्या वाळूची आहे. वर्षावनात पाने सतत गळतात. ती पूर्ण कुजत नाहीत, अर्धवट कुजतात आणि त्यांतून टॅनिन व ह्युमिक आम्ले सुटतात. पावसाचे पाणी ही आम्ले घेऊन वाळूत मुरते. वाळूला ती धरून ठेवता येत नाहीत. त्यामुळे सारा अर्क ओढ्यांत आणि ओढ्यांतून नदीत उतरतो. वाळूच्या गाळणीत पानांची पूड टाकून वरून अखंड पाणी ओतत राहावे, तसा हा प्रकार.

या पाण्याचा सामू साधारण चार ते पाचच्या दरम्यान असतो, म्हणजे जवळपास ताकाइतका. तरी ते आंबट लागत नाही, कारण आम्ल असते अगदी थोडे. ते मारून टाकणारे क्षारच पाण्यात नसतात, म्हणून सामू खाली जातो. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक असावेत, असे भारतीय मानक सांगते, आणि विदर्भातल्या कित्येक विहिरी ही मर्यादा ओलांडतात. रिओ नेग्रोच्या पाण्यात विरघळलेली खनिजे लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतात. गाडीच्या बॅटरीत घालायच्या पाण्याशी तुलना व्हावी, इतके हे पाणी 'रिकामे' आहे.

मनाउसजवळ ती सोलिमोइस नदीला भेटते. ॲमेझॉनचा वरचा मुख्य प्रवाह तो हाच. सोलिमोइस अँडीज पर्वतातून गाळ घेऊन येते, म्हणून तिचे पाणी दुधाच्या चहासारखे. कोरा चहा आणि दुधाचा चहा शेजारी शेजारी सुमारे सहा किलोमीटर वाहतात, पण मिसळत नाहीत. एकीचे पाणी अधिक उबदार आणि संथ, दुसरीचे गार, जड आणि वेगवान. आपल्याकडे बिना संगमावर पावसाळ्यात वेगवेगळ्या रंगांचे प्रवाह थोडा वेळ वेगळे दिसतात. तेच दृश्य, पण कित्येक पट मोठे आणि कायमचे.

पाण्यात उभे असलेले अरण्य

मनाउसजवळ रिओ नेग्रोची पातळी वर्षभरात सरासरी दहा मीटरच्या आसपास वरखाली होते, म्हणजे तीन मजली इमारतीइतकी. पूर आला की काठावरचे अरण्य महिनोन् महिने पाण्यात उभे राहते. काळ्या पाण्याने बुडणाऱ्या या जंगलाला तिथले लोक 'इगापो' म्हणतात. आपल्या ओळखीची झाडे इतके दिवस मुळे पाण्यात राहिली तर सडून जातील. इगापोतल्या झाडांनी मात्र आपले फळण्याचे वेळापत्रकच पुराशी जुळवले आहे. फळे पिकतात तेव्हा खाली जमीन नसते, पाणी असते. फळे टपटप पाण्यात पडतात आणि ती खायला येतात मासे. तांबाकी नावाच्या मोठ्या माशाला तर आपल्या दाढांसारखे दात असतात. रबराच्या झाडाच्या कडक बिया तो फोडून खातो. काही बिया माशांच्या पोटातून शाबूत बाहेर पडून दूरवर रुजतात. आपल्याकडे बिया पसरवण्याचे जे काम पाखरे आणि अस्वले करतात, ते तिथे मासेही करतात.

नदीच्या मधोमध अनाविल्यानास नावाचा सुमारे चारशे बेटांचा पसारा आहे. या बुडालेल्या जंगलात गुलाबी झाक असलेले गोड्या पाण्यातले डॉल्फिन झाडांच्या खोडांमधून वळणे घेत शिकार करतात. त्यांच्या मानेचे मणके जुळलेले नसतात, म्हणून त्यांना मान वळवता येते. महाकाय पाणमांजरे कुटुंबाने राहतात. आणि आपल्या मत्स्यालयांच्या दुकानांत दिसणारा, निळा पट्टा चमकवणारा इवलासा कार्डिनल टेट्रा मासा मूळचा इथलाच. बार्सेलोस या गावाच्या परिसरातले लोक तो जंगली ओढ्यांतून पकडून पिढ्यान्‌पिढ्या पोट भरतात. ओढा राखला तर मासा राहील, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

मत्स्यालयाचे शौकीन या माशासाठी टाकीत काय टाकतात, ठाऊक आहे? आपल्या देशी बदामाची वाळलेली पाने! अंगणात, शाळेच्या पटांगणात उभ्या असलेल्या त्या पसरट झाडाची लालसर पाने. त्यांतले टॅनिन पाण्याला तांबूस रंग देते आणि माशाला घरच्यासारखे वाटते. पेंचच्या जंगलातला ऐन, नदीकाठचा अर्जुन, आयुर्वेदातले हिरडा आणि बेहडा ही सगळी याच बदामाची भावंडे.

उत्तर आणखी रंजक आहे ते या प्रश्नाचे: इतक्या आंबूस आणि क्षारहीन पाण्यात मासा जगतो कसा? अशा पाण्यात माशाच्या कल्ल्यांतून शरीरातले सोडियम सतत बाहेर झिरपते. हगवण लागलेल्या बाळाच्या शरीरातून मीठ जाते आणि ते कोमेजते, तशीच ही अवस्था. बाळाला आपण क्षारसंजीवनी देतो. रिओ नेग्रोच्या माशांनी दोन उपाय शोधले. त्यांच्या कल्ल्यांना अत्यल्प सोडियमही पाण्यातून ओढून घेता येते. दुसरे म्हणजे पाण्याला काळे करणारे ह्युमिक पदार्थच कल्ल्यांना संरक्षण देतात आणि मिठाची गळती कमी करतात. ज्या पानांनी पाणी आंबवले, त्यांनीच औषधही पुरवले.

डास कमी, पण मलेरिया आहेच

काळ्या पाण्याच्या नद्यांवर डासांचा त्रास कमी, हे निरीक्षण अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८०० साली या भागात फिरताना नोंदवले होते. कारण समजण्यासारखे आहे. पाण्यात पोषकद्रव्ये कमी, म्हणून शेवाळ आणि सूक्ष्मजीव कमी, म्हणून डासांच्या अळ्यांना अन्न कमी. याच कारणाने मासेही एका ठिकाणी फार मुबलक मिळत नाहीत. अशा नद्यांना 'उपासमारीच्या नद्या' म्हणण्याची पद्धत पडली ती त्यामुळेच.

पण कमी म्हणजे शून्य नव्हे. उत्क्रांतीच्या सिद्धान्तात डार्विनइतकाच हक्क असलेला आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५० ते १८५२ या काळात रिओ नेग्रोच्या खोऱ्यात हिंडला. तिथेच तो हिवतापाने इतका आजारी पडला की जगतो की नाही, अशी वेळ आली. क्विनाइनने तो तगला. परतीच्या प्रवासात त्याच्या जहाजाला आग लागली आणि वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्रात गेला. वाचलेल्या थोड्या वस्तूंत नदीतल्या सुमारे दोनशे माशांची त्याने पेन्सिलीने काढलेली चित्रे होती. आजही त्या खोऱ्यात मलेरिया आहे. मनाउसकडून खोऱ्यात आत जाणाऱ्याने काळ्या पाण्यावर विसंबून मच्छरदाणी घरी ठेवू नये.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, हाही गैरसमज ही नदी मोडते. खोऱ्यातल्या जुन्या मातीत निसर्गतःच पारा आहे. आंबूस आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या पाण्यात जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो लहान माशातून मोठ्या माशात आणि तिथून माणसात साठत जातो. रोज मासे खाणाऱ्या तिथल्या नदीकाठच्या लोकांच्या केसांत पाऱ्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. नदीच्या तब्येतीबद्दल दुसरी काळजी म्हणजे हवामान. २०२१ च्या जूनमध्ये मनाउसला नदीची पातळी ३० मीटरच्या वर गेली होती. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ती १२.७० मीटरवर उतरली आणि शतकभरातला तोवरचा नीचांक झाला. पाण्याखालच्या खडकांवर प्राचीन माणसांनी कोरलेले चेहरे उघडे पडले.

काळ्या मातीत पाणी काळे का नाही?

आता घरी येऊ. आपली कन्हान सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. पेंच आणि कोलार या नद्यांना बिना संगमावर सोबत घेऊन ती कामठीला येते. पेंचच्या जंगलात पानगळ काही कमी नाही. साग, ऐन, मोह, धावडा यांची पाने फेब्रुवारीपासून नाल्यांत ढिगाने साचतात. उन्हाळ्यात एखाद्या आटलेल्या नाल्याच्या डोहात वाकून पाहिले तर पाणी तांबूस दिसते. तो रिओ नेग्रोचाच छोटा नमुना. मग अख्खी नदी तशी का होत नाही?

उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. बेसॉल्ट खडकापासून बनलेली ही माती चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांनी भरलेली असते. पानांचा अर्क तिच्यातून जाताना हे पापुद्रे त्याला धरून ठेवतात. शिवाय मातीत कॅल्शियम भरपूर असल्याने आम्ल लगेच निष्प्रभ होते. म्हणून माती काळी आणि पाणी मात्र बिनरंगी, किंचित अल्कधर्मी आणि जड. तिकडे वाळू पांढरी आणि पाणी काळे. निसर्गाने रंगांची अशी अदलाबदल केली आहे.

तरीही कामठीचे आणि अशा पानगळीच्या पाण्याचे एक जुने नाते आहे, आणि ते आपल्या पायांखाली पुरलेले आहे. भूशास्त्राच्या पुस्तकात 'कामठी स्तर' हे नाव जगभरचे विद्यार्थी वाचतात. इथल्या आणि सिलेवाड्याच्या परिसरातल्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे सापडतात. १८४५ साली नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी हे ठसे गोळा करून अभ्यासकांपुढे आणले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. हीच पाने दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीजवळच्या दगडांतही सापडली. भारत, अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका हे सारे एकेकाळी एका भूखंडात जोडलेले होते, याचा तो पुरावा ठरला. त्या भूखंडाचे 'गोंडवन' हे नावही आपल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच पडले.

कामठीच्या वालुकाश्माखाली त्याहून जुने थर आहेत आणि त्यांत आहे दगडी कोळसा. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळात इथे विस्तीर्ण दलदली होत्या. हवा आजच्यासारखी उष्ण नव्हती, थंड होती. ग्लॉसोप्टेरिसची पाने हंगामात गळत, पाण्यात पडत, प्राणवायूविना अर्धवट कुजत आणि थरांवर थर साचत. आज जगात जिथे जिथे अशी पानांची दलदल आहे, तिथले पाणी चहासारखे असते. सुमात्रा-बोर्निओतल्या दलदलींत तर सामू तीनपर्यंत उतरतो. २००६ साली जगापुढे आलेला, पूर्ण वाढ होऊनही आठेक मिलिमीटरचाच राहणारा इवला मासा तिथल्या पाण्यातलाच. तेव्हा कामठीच्या दलदलीतले पाणीही असेच गडद असणार, हे अनुमान वाजवी आहे. त्या काळ्या पाण्यातल्या पानांचा आज झालाय कोळसा.

पानाची राख

या कोळशाचा शेवटचा प्रवास आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. खाणीतून निघालेला कोळसा औष्णिक वीजकेंद्रांत जळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. दहा टन कोळसा जाळला तर तीन-चार टन राख उरते. ती पाण्यात कालवून मोठ्या तलावांत साठवतात. २०२२ च्या जुलैत मुसळधार पावसात खसाळा येथील राखेच्या तलावाची पाळ फुटली. राखेचा लोंढा शेतांत, घरांत शिरला आणि कोलारमार्गे कन्हानमध्ये उतरला. नागपूरच्या काही भागांचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला.

ज्यांनी तेव्हा नदी पाहिली, त्यांना ती काळी नव्हे, करडी दिसली. हा फरक महत्त्वाचा आहे. रिओ नेग्रोचा रंग विरघळलेला आहे, राखेचा रंग तरंगणाऱ्या कणांचा. हे कण वाळूच्या आणि गोट्यांच्या फटींत जाऊन बसतात. मासे तिथेच अंडी घालतात, किडे तिथेच वाढतात. फटी बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. राखेत सिलिकाबरोबरच आर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम यांचे अंश असतात. घरातले सांडपाणी जिवाणू खाऊन संपवू शकतात. राख आणि धातू कोणताही जिवाणू खाऊन संपवत नाही. पाणी उकळूनही ते जात नाहीत, उलट पाण्याची वाफ झाल्याने किंचित दाट होतात. म्हणून राखेच्या बाबतीत नदी 'स्वतःहून बरी होईल' हा भरवसा खोटा आहे. इथे उपचार एकच, ती नदीत येऊच न देणे.

नाग नदीचा काळा रंग

खरे काळे पाणी आपल्याकडे आहे ते नाग नदीत. नागपूर शहरातून वाहत, पिली नदीला घेऊन ती पुढे पूर्वेला कन्हानला मिळते. तिथून हे पाणी वैनगंगेत आणि गोसीखुर्द जलाशयात जाते. हा काळा रंग पानांचा नाही. सांडपाण्यातले मलमूत्र, अन्नाचे कण, साबण यांच्यावर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू पुढे येतात. ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू बनवतात. हा वायू गाळातल्या लोहाशी संयोग पावतो आणि आयर्न सल्फाइडची काळी साय तयार होते. म्हणजे हा काळा रंग गुदमरलेल्या पाण्याचा. माणसाला प्राणवायू कमी पडला की ओठ निळे पडतात, नदीचा गाळ काळा पडतो.

डासांचे गणितही इथे उलटते. उपाशी रिओ नेग्रोत डास कमी, तर पोट फुगलेल्या गटारात क्युलेक्स डासांची चंगळ. घाण पाण्यात अळ्यांना अन्न भरपूर आणि त्यांना खाणारे मासे गायब. हाच डास हत्तीरोग पसरवतो. पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत हत्तीरोग जुना पाहुणा आहे. रोगाचे जंतू दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री वरच्या रक्तात येतात, म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री दारात येऊन बोटाचे रक्त घेतात. तीन औषधे एकत्र देण्याची नवी मोहीम देशात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाली, त्यांत २०१९ साली आपला नागपूर जिल्हा होता. 'मला कुठे काय झालंय' म्हणून गोळ्या खिडकीत ठेवून देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, पाय सुजेपर्यंत जंतू वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. सुजलेला पाय नंतर पूर्ववत होत नाही.

मग चहासारखे पाणी प्यावे का?

आता त्या मूळ प्रश्नाकडे वळू. नळाला रंगीत पाणी आले तर पेला भरून अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसून वरचे पाणी नितळ झाले, तर रंग मातीचा किंवा राखेचा. रंग तसाच राहिला, तर तो विरघळलेला आहे. पाने, गंजलेल्या नळाचे लोह किंवा रंगीत सांडपाणी, यांपैकी काहीही असू शकते. दुर्गंधी येत असेल तर पुढे विचारच करू नका, ते पाणी पिऊ नका आणि नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लगेच कळवा. पाइपलाइन फुटून गटाराचे पाणी शिरल्याची ती खूण असते. कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर यांची साथ बहुधा अशीच सुरू होते.

रंगीत किंवा गढूळ पाण्यात नुसते औषध टाकून भागत नाही, याचे कारण समजून घ्या. क्लोरीन आधी सेंद्रिय पदार्थांवर खर्च होतो. उरला तर जंतूंना मारतो. पाणी जितके गढूळ आणि रंगीत, तितका क्लोरीन वाटेतच संपतो. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, वरचे पाणी स्वच्छ फडक्याने गाळून घ्यावे आणि मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मेडिक्लोर टाकून अर्धा तास थांबावे. किंवा चांगली उकळी आणावी. गावात टीसीएल पावडर टाकल्यावर शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. जलसुरक्षकाकडे असलेल्या ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले पाहिजे. ही चाचणी आपल्यासमोर करायला सांगणे हा आपला हक्क आहे. क्लोरीन आणि पानांचा अर्क एकत्र आले की काही नको असलेली संयुगे बनतात, हे खरे. पण निर्जंतुक न केलेल्या पाण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आणि तातडीचा आहे. म्हणून क्लोरीन टाळू नका, पाणी आधी निवळून घ्या.

आणि रिओ नेग्रोतले टॅनिन आपल्या रोजच्या कपातही आहे. ते अन्नातल्या लोहाला घट्ट धरून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. हिरड्याचा काढा आणि लोह एकत्र केले की पूर्वी काळी शाई बनायची, तीच ही रासायनिक मैत्री. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नको आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नको. गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्या, लोह चांगले शोषले जाते. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरून ती बंद करू नका.

नदीची नाडी

रुग्णाचा चेहरा पाहून आम्ही अंदाज बांधतो, पण निदान नाडी, रक्तदाब आणि तपासण्यांवर करतो. नदीचा रंग हा तिचा चेहरा. तिची नाडी म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, सामू आणि तिच्यात राहणारे जीव. रिओ नेग्रो चेहऱ्याने काळी आहे, पण तिच्या पोटात डॉल्फिन खेळतात. पावसाळ्यानंतरची कन्हान निळी दिसते, म्हणून ती निरोगी आहे असे नाही. तळाची वाळू उपसली गेली आहे की शाबूत आहे, गोट्यांखाली किडे आहेत की राख, मरळ आणि वाम जाळ्यात येतात की नाही, खंड्या काठावरच्या फांदीवर बसतो की नाही, हे पाहायला हवे. ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, नदीकाठी राहणारा कोळी किंवा शाळेतले मूल हे सांगू शकते.

सांडपाण्याने गुदमरलेली नदी बरी होऊ शकते. घाण आत येणे थांबले, प्राणवायू परतला की काळी साय विरते, किडे येतात, मागोमाग मासे येतात. लंडनची थेम्स १९५७ साली जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत ठरवली गेली होती. सांडपाण्याची केंद्रे सुधारल्यावर तिच्यात मासे परतले. राखेला मात्र असा परतीचा रस्ता नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी याच जागी दलदलीच्या काळ्या पाण्याने पाने जपून ठेवली. त्यांची राख याच जागच्या नदीत जाऊ द्यायची की पाळीच्या आत, विटांत आणि सिमेंटमध्ये बंद करायची, हे आपण ठरवायचे आहे. पुढच्या पावसाळ्याआधी पाळ कुणी तपासली, याची चौकशी करणे हेसुद्धा आरोग्याचेच काम आहे.